पहिलवान की डोली?

गेल्या हिवाळ्यात दोन महिने आमच्या घरात एकच वाद चालला होता. ताकद घ्यायची की आराम? वाद गाडीचा होता. गाडी म्हणजे ती जाड रबरी टायरांची, हँडलवाली चारचाकी, जिला बाहेर 'एटीव्ही' किंवा 'क्वाड बाइक' म्हणतात आणि जिला आमचे भाईजान कुवेतच्या सवयीने 'बग्गी' म्हणतात. तिथे थंडीत वाळवंटात तंबू पडले की पोरे अशा बग्ग्या पळवतात. बावीस वर्षे ड्रायव्हरकी करून भाईजान कायमचे घरी आले, ते ही बग्गी डोक्यात घेऊनच.

आता श्रीवर्धन तालुक्यातल्या मास्तरांच्या घरात बग्गी कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण आमची बाग. ती डोंगरावर आहे. रिक्षा पऱ्यापर्यंत येते, पुढे दीड किलोमीटर पाखाडी आणि कातळ. आंबा खाली आणायचा तो माणसांच्या डोक्यावरून, आणि खत, पाणी, फवारणीचे औषध वर न्यायचे तेही डोक्यावरूनच. गडी मिळेनासे झाले आहेत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. लहान ट्रॅक्टरचा विचार झाला होता, पण गडग्यांच्या मधल्या वाटा इतक्या अरुंद की ट्रॅक्टर पहिल्याच वळणावर अडकला असता.

दुसरे कारण अब्बा. वय चौऱ्याहत्तर. २०१९ च्या अखेरीस त्यांच्या कमरेच्या मणक्याचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून ते नमाज खुर्चीवर पढतात. सजद्यासाठी वाकता येत नाही, याचे दुःख ते बोलून दाखवत नाहीत, पण जमातीत खुर्ची नेहमी शेवटच्या सफेत, भिंतीला लावून ठेवतात. ऑपरेशनपासून ते बागेत गेले नव्हते.

आणि तिसरे कारण होते, ते घरात कोणी उच्चारत नव्हते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले, पत्रे उडाले. अब्बांच्या एकशे वीस आंब्यांपैकी सदतीस झाडे मुळासकट गेली. अब्बा तेव्हा बिछान्यावर होते. "किती गेली?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "दहा-अकरा." ऑपरेशनला सहा महिनेच झाले होते, वीज नव्हती, फोन नव्हते, त्या दिवसांत खरे सांगण्याची आमची हिंमत झाली नाही. नंतर झाली असती, पण वेळ गेली की खोट्याला मुळे फुटतात. पडलेल्या झाडांच्या जागी आम्ही नवी कलमे लावली आणि गप्प राहिलो.

खैर. गाड्या दोन होत्या, दोन्ही वापरलेल्या, दोघींच्या किमतीत फारसा फरक नव्हता. रस्त्यावर चालवण्याची नोंदणी दोन्हींची नव्हती, म्हणजे त्या बागेच्या पायथ्याशी शेडमध्येच ठेवायच्या होत्या. मुलांनी लगेच नावे ठेवली. मोठ्या इंजिनाची, गिअर टाकण्याची, मागे एकच अखंड अॅक्सल असलेली ती 'पहिलवान'. लहान इंजिनाची, गिअर न बदलता चालणारी, चारही चाकांना वेगवेगळे सस्पेन्शन असलेली ती 'डोली'.

आम्ही दोघेही नवरा-बायको भाषा शिकवतो. 'ताकद' हा शब्द अरबी-फारसीतून उर्दूमार्गे मराठीत आला तेव्हा त्याच्या 'त'चा 'द' झाला, आणि 'आराम' मात्र जसाच्या तसा राहिला, एवढेच आम्हाला ठाऊक. यंत्राचे ज्ञान शून्य. पण भाईजानांनी पटवून दिले की अखंड अॅक्सलला कमी लेखू नका. ओझे घातले तरी तिची मागची बाजू बसत नाही, ट्रॉली ओढताना ती स्थिर राहते, आडव्या उतारावर कलत नाही, आणि सांधे कमी म्हणून चिखलात बिघडण्यासारखेही कमी. डोलीला गिअरऐवजी पट्टा. पट्ट्याच्या डब्यात पाणी गेले की तो घसरतो, आणि कोकणात पाणी कुठे जात नाही?

उलट बाजूने भाबी बोलल्या. पहिलवानाचे एक मागचे चाक दगडावर चढले की अख्खी मागची बाजू तिरकी होते आणि सीटवरचा माणूस उचलला जातो. डोलीचे चाक एकटेच वर-खाली होते, बाकीची तीन आपापल्या जागी. "आणि तुम्ही पुन्हा कुठे गेलात, तर ही चालवणार कोण?" त्यांनी विचारले. भाईजानांकडे उत्तर नव्हते.

भाईजानांचा खरा मुद्दा होता की चढावर ताकदच लागते. आमची मुलगी अकरावी सायन्सला आहे, ती वही घेऊन बसली. गाडी तीनशे किलो, चालक पंचाहत्तर, ट्रॉली पंचाहत्तर आणि वर दोनशे लिटर पाण्याचे पिंप, म्हणजे साडेसहाशे किलो. चढ पाच मीटरला एक मीटर. वेग तासाला आठ किलोमीटर, कारण आमच्या पाखाडीवर यापेक्षा जास्त वेगाने शहाणा माणूस जाणार नाही. वजन चढवायला आणि खडबडीत जमिनीचा विरोध मोडायला मिळून सव्वाचार किलोवॅटच्या आसपास. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा सहा हॉर्सपॉवरसुद्धा पूर्ण लागत नाहीत. डोलीत याच्या चौपट होते. "चढावर इंजिन कमी पडणार नाही, चाकांची पकड कमी पडेल," ती म्हणाली, आणि चारही चाकांना जोर दोघींत होता. भाईजानांनी वही दोनदा पाहिली आणि चहा मागितला.

तिने आणखी एक गोष्ट शोधून आणली, तिने आम्ही खरेच घाबरलो. या गाड्या उलटतात, आणि माणूस खाली सापडतो. ऑस्ट्रेलियात शेतावर इतके मृत्यू झाले की ११ ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाड बाइकला मागे लोखंडी संरक्षक चौकट सक्तीची झाली. एका माणसाच्या सीटवर दुसऱ्याला बसवणे तर फारच धोक्याचे, कारण मागे वजन गेले की चढावर पुढची चाके हलकी होतात. पहिलवानाची सीट एकाची होती. डोली लांब होती, कंपनीतूनच दोघांसाठी बनवलेली, मागच्या सीटला पाठ आणि दोन्ही बाजूंना धरायला मुठी.

म्हणजे पहिलवान घेतली असती तर अब्बा खालीच राहिले असते.

हे लक्षात आले त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण लिहितो. आमच्यातल्या एकाच्या तोंडून निघाले, "मग पहिलवानच घेऊ या का?" कोणाच्या, ते आता सांगत नाही. दुसऱ्याने दिवा बंद केला.

विक्रेत्याच्या अंगणात अब्बांना नेले. ते आधी पहिलवानावर बसले, भाईजानांनी ती मोकळ्या जागेत, चार विटांवरून नेली. अब्बा उतरले आणि काहीच बोलले नाहीत, फक्त हात कमरेवर गेला. मग डोली. तिच्यावरून उतरल्यावर म्हणाले, "आंब्यालाही हीच बरी." खरे होते. आम्ही इतके दिवस माणसाच्या पाठीचा विचार करत होतो, क्रेटमधल्या फळाचा नाही. आंबा दणके खात आला की चार दिवसांनी डाग बोलतो.

डोली आली. पहिल्या दिवशी ती बैलगाडीसारखी आपटत होती, आणि भाईजानांनी आमच्याकडे असे पाहिले की आम्ही नजर चुकवली. मग कळले की टायरमध्ये मोटारसायकलीइतकी हवा भरून दिली होती. या टायरांना पाच-सात पीएसआयच पुरते. तो जाड, मऊ टायर हेच तिचे अर्धे सस्पेन्शन. हवा सोडली आणि डोली खरोखर डोली झाली. लोखंडी चौकट आम्ही वेल्डरकडून नव्हे, तयार मिळणारी मागवून बसवली. त्यावर खर्च झाला, चालतो. भाईजानांची एक तक्रार मात्र अजून खरी आहे: भरलेले पिंप ट्रॉलीत असले की डोलीची मागची बाजू बसते. म्हणून आता पिंप पाऊण भरतो आणि एक खेप जास्त करतो.

फेब्रुवारीत, मोहोर सरता सरता, अब्बा वर गेले. भाईजान चालवत होते, मागे अब्बा मुठी धरून, आम्ही पायी. वाढलेला नाडीचा ठोका आमचाच होता, अब्बा तर इकडेतिकडे पाहत होते. वर पोचल्यावर त्यांनी काठी टेकत पहिली ओळ पार केली, मग दुसरी. तिसऱ्या ओळीत जिथे त्यांच्या वालिदांनी लावलेली तीन जुनी झाडे होती, तिथे कमरेइतकी कलमे होती. ते थांबले. बोटांवर काही मोजले. आम्ही "अब्बा..." म्हणून सुरुवात केली.

"पेट्यांचा हिशोब कोण ठेवतो या घरात?" त्यांनी विचारले. चार वर्षे ती वही त्यांच्याच उशाशी असते. अकरा झाडांनी पेट्या इतक्या घटत नाहीत, हे त्यांना पहिल्याच मोसमात कळले असणार. आम्ही दोघांनी मान खाली घातली. भाईजान गाडीचे टायर तपासायला गेले, ज्याची काही गरज नव्हती.

अब्बांनी एका कलमाच्या बुडाची माती काठीने उकरली. "उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी द्या," ते म्हणाले. "आणि पुढच्या खेपेला एक प्लास्टिकची खुर्ची वर आणून ठेवा. असर इथेच पढेन."