भग्न मनोरा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला आलेला प्रवासी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरला, की त्याची दृष्टी आपोआप वर जाते. माथ्यावर कमानदार छत आहे, आणि लाकडी घराच्या वाशांसारखे वासे त्यावर ओळीने कोरलेले आहेत. जवळच्या बाराव्या लेण्यातील तीन मजली विहारात बौद्ध भिक्षू राहत. ते भिक्षू जाऊन कित्येक शतके लोटली, तरी त्या छताचा एकही चिरा ढळला नाही. कारण तेथे चिरा नाहीच, अवघा एकसंध कातळ आहे.

मठात राहावे आणि शेजारच्या मंदिरात एकत्र प्रार्थना करावी, ही रीत केवळ एका धर्माची नव्हे. गोव्यात मांडवी नदीच्या काठी जुने गोवे नावाचे गाव आहे. एके काळी ती पोर्तुगीजांची वैभवशाली राजधानी होती. तेथील ‘पवित्र टेकडी’वर एका ख्रिस्ती मठाचा अर्धा उरलेला मनोरा उभा आहे. वेरूळचे छत शाबूत राहिले. या मठाचे राहिले नाही. असे का व्हावे?

संत ऑगस्टीन यांच्या पंथाचे साधू इ. स. १५७२ मध्ये गोव्यात आले. त्यांनी टेकडीवर मठ वसविला, आणि १५९७ ते १६०२ या काळात त्याला लागून कृपामातेचे भव्य चर्च उभारले. त्यात चार वेद्या आणि आठ लहान प्रार्थनागृहे होती. जमिनीवर समाधीशिळा बसविलेल्या होत्या, तर भिंतींचे काही भाग रंगीत चिनी मातीच्या फरशांनी सजविलेले होते. घंटेसाठी बांधलेला मनोरा चार मजली आणि सुमारे ४६ मीटर उंच होता.

ही सारी इमारत जांभ्या दगडाची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून तो सहज कापता येतो. उघड्या हवेत तो कठीण होतो. परंतु त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असतात. त्याच्यावर चुन्याचा गिलावा नसेल, तर कोकणातला पाऊस त्याच्या पोटात शिरतो. शिवाय चर्चचे छत कमानदार होते. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटून धरतो, आणि सर्वांचा भार अखेर बाजूच्या भिंतींवर येतो. भिंत खचली, की दगडांचा एकमेकांना असलेला आधार सुटतो. म्हणूनच अशा इमारतीला दरवर्षी कोणीतरी गिलावा लावणारा, भेगा बुजविणारा आणि भिंतींवर उगवलेली रोपटी उपटून टाकणारा लागतो.

हे करणारे हात एके दिवशी नाहीसे झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारच्या हुकुमाने गोव्यातील मठ बंद झाले आणि साधूंना आपला मठ सोडून जावे लागले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, चर्चचे छत कोसळले. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. दोन शतकांहून अधिक काळ नांदती असलेली ती वास्तू एका शतकाच्या आत दगडांचा ढीग होऊन गेली. शत्रूच्या तोफांनी तिला पाडले नाही. तिला पाडले पावसाने आणि माणसांच्या विस्मृतीने.

तथापि सारेच नष्ट झाले नाही. मनोऱ्यातील प्रचंड घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये बसविण्यात आली. ढिगाऱ्याखाली आणखी एक ठेव होती. केतेवान ही जॉर्जिया देशातील राणी. इराणच्या शहाने धर्मांतराचा आग्रह धरला. तिने तो मानला नाही, म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. याच पंथाच्या साधूंनी तिच्या काही अस्थी जपून गोव्याला आणल्या आणि या मठात ठेवल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात येथे काही अस्थी सापडल्या. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा त्यांत भारतात न आढळणारी, परंतु जॉर्जियातील लोकांत आढळणारी आनुवंशिक खूण मिळाली. २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला सन्मानपूर्वक अर्पण केला. सुमारे चारशे वर्षांनी राणी आपल्या देशी परतली.

आज टेकडीवरचे गवत नियमित कापले जाते, आणि उरलेल्या भिंतींची निगा राखली जाते. पडलेले छत त्यामुळे पुन्हा उभे राहणार नाही. परंतु जे उरले आहे ते टिकेल. वेरूळच्या छताला कातळाचा आधार मिळाला. माणसाने चिऱ्यावर चिरा रचून जे उभारले, त्याला मात्र माणसाचाच आधार हवा. पणजीच्या चर्चमधील ती घंटा वाजते, तेव्हा आपला मनोरा गमावलेली ती घंटा जणू हेच सांगत असते.