भाजीच्या शेवया

दस्तरख्वानावर मधोमध काय येणार, हे आमच्याकडं ठरलेलं असतं. सालन, ज्वारीची भाकरी, सणावाराला बिर्याणी. कडेला काय ठेवायचं याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. कांद्याच्या चकत्या, लिंबाच्या फोडी, मिळालाच तर मुळा. घाईच्या दिवशी तेही नाही. गोश्त जमलं की जेवण जमलं, असा सगळा हिशेब. पण घरात कुणाला साखरेचा आजार निघाला की हा हिशेब बदलतो आणि कडेच्या वाटीकडं नीट बघावं लागतं.

२०१९ साली आमच्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, मधुमेह निघाला. सोलापूरच्या घरात स्वयंपाक आम्ही दोघी जावा मिळून करतो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, भात, बटाटा, मैदा कमी करा, भाज्या वाढवा. सांगणं सोपं होतं. त्या दिवसापासून अम्मींचं ताट वेगळं झालं. बसायचे सगळे एकाच दस्तरख्वानावर. पण सर्वांपुढं बिर्याणी आणि त्यांच्यापुढं उकडलेली फरसबी. त्या कधी तक्रार करत नसत. फक्त लवकर उठू लागल्या. पाहुणे आले की म्हणायच्या, "तुम्ही बसा, मला भूक नाही." जिनं या घरातल्या प्रत्येकाला वाढून मग स्वतः घास घेतला, ती बाई आता ताटावर बसायलाच संकोचू लागली होती. आम्हांला काळजी साखरेची होतीच, पण या लवकर उठण्याची जास्त होती.

अशात मोठ्या जावेच्या लेकीनं पुण्याहून एक लहानसं प्लॅस्टिकचं यंत्र आणलं. पेन्सिलीला टोक करायच्या शार्पनरचा थोरला भाऊच म्हणा ना. त्यात गाजर घालून पिळत गेलं की दुसऱ्या बाजूनं त्याचा लांबच लांब वळणदार दोरा निघतो. इंग्रजीत त्याला स्पायरलायझर म्हणतात आणि त्या दोऱ्यांना भाजीचे नूडल्स. अम्मी पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, "ये तो शेवयांच हैं की!"

शेवया म्हटल्यावर त्यांना जुने दिवस आठवणारच. रमजान जवळ आला की शेवयांचं यंत्र खाटेला आवळून बसवायचं, एकीनं पिठाचे गोळे भरायचे, दुसरीनं दांडा फिरवायचा, तिसरीनं खाली लोंबणाऱ्या शेवया अलगद उचलून दोरीवर वाळत घालायच्या. गल्लीतल्या बायका एकमेकींकडं हात लावायला जायच्या. अम्मींनी आमच्या हातातलं यंत्र घेतलं आणि स्वतःच गाजर पिळायला बसल्या. त्या दिवसापासून हे काम त्यांचंच झालं.

दोरे काढणं हा खेळ आहे. खरी मेहनत भाजण्यात आहे. गाजरात वजनाच्या ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दुधीत आणि झुकिनीत ९५ टक्क्यांच्या घरात. हे पाणी पटकन उडून जायला वाट मिळाली तर भाजी भाजली जाते. वाट मिळाली नाही तर ती स्वतःच्याच वाफेत शिजते आणि लगदा होतो. म्हणून पहिला नियम, गर्दी करायची नाही. ओव्हन असेल तर २०० अंशांवर तापवावा, ट्रेमध्ये दोरे विरळ पसरावेत. पाव किलो गाजराला दोन चमचे तेल चोळलं की पुरे. बारा-पंधरा मिनिटांत कडा तांबूस होतात. मध्ये एकदा उलटावं. दुधी किंवा झुकिनी असेल तर आधी मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवावी, मग मलमलच्या फडक्यात हलक्या हातानं दाबून पाणी काढावं आणि वरून पुन्हा मीठ घालू नये.

ओव्हन सगळ्यांकडं असतो असं नाही. आमच्याकडंही नाही. आम्ही भाकरीचा लोखंडी तवा वापरतो. तवा चांगला तापू द्यायचा, चमचाभर तेल फिरवायचं, एका वेळी दोनच मुठी दोरे टाकायचे आणि मिनिटभर हात लावायचा नाही. सारखं ढवळत राहिलं की रंग चढत नाही. तळाशी डाग पडू लागले की उलथन्यानं एकदा परतायचं. उतरवताना जिरेपूड, मिरपूड, लिंबू. आणि सोलापूरकर असल्यामुळं वरून शेंगाचटणी. यंत्रातून निघणारा एकेक दोरा हात-दोन हात लांब असतो. भाजण्याआधी कात्रीनं वीतभर तुकडे करावेत, म्हणजे लहानांना आणि दात पडलेल्यांना खाता येतात. ताटभर दिसणारी गाजराची जाळी भाजल्यावर दीड-दोन वाट्या उरते, त्यामुळं बेतानं न करता जरा जास्तच करावी.

भाज्या निवडण्याचंही थोडं बघावं लागतं. गाजर जाड हवं. बारक्या गाजराचा अर्धा भाग हातातच राहतो. दुधी कोवळा, सडपातळ, बिया न धरलेला घ्यावा आणि चिरण्याआधी एक चकती चाखावी. कडू लागला तर "शिजल्यावर जाईल" म्हणून पुढं जाऊ नये, सरळ टाकून द्यावा. कडू दुधीतल्या विषारी द्रव्यानं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत, आणि शिजवून ते जात नाही. झुकिनी आमच्या बाजारात रोज मिळतेच असं नाही, तिच्यावाचून अडतही नाही. बीट चालतं, फक्त ते वेगळं भाजावं, नाहीतर सगळंच लाल.

आता नावाविषयी. भाजीला नूडल्स म्हणून मुलांपुढं ठेवलं तर मुलं फसत नाहीत, रुसतात. पिठाचा चिवटपणा गाजरात नसतो आणि तो यावा अशी अपेक्षाही करू नये. शेवया म्हणतो तेही केवळ रूपामुळं. जपानमध्ये मुळा अखंड पातळ सोलून त्याचे केसासारखे बारीक तंतू कापतात आणि ते कच्च्या मासळीच्या कडेला ठेवतात. तिथं कुणी त्या तंतूंना भाताच्या जागी बसवत नाही. कडेची वस्तू कडेचीच राहते आणि तिचा मान तिला मिळतो. आमच्याकडंही तिला कडेलाच बसवलं तेव्हा ती सर्वांना आवडली.

आकड्यांत सांगायचं तर १०० ग्रॅम कोरड्या शेवयांत ७० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात. त्या पाणी पिऊन फुगल्या की वाटीमागं हे प्रमाण उतरतं, पण तरीही गाजराच्या १०० ग्रॅममधल्या दहाएक ग्रॅमशी किंवा दुधीच्या तीन-चार ग्रॅमशी त्यांची तुलना होत नाही. मात्र भाजीचा दोरा काढला म्हणजे ती आपोआप पथ्याची झाली असंही नाही. रताळ्यात १०० ग्रॅममागं २० ग्रॅम कर्बोदकं असतात. दोरा काढा नाहीतर काप करा, रताळं ते रताळंच. तेलाचंही तसंच. हात सैल सुटला तर भाजणं कधी तळणं होतं ते कळत नाही.

आम्ही घरात एकच नियम केला. या शेवया अम्मींच्या ताटात वाढायच्या नाहीत. मोठ्या परातीत घालून दस्तरख्वानाच्या मधोमध ठेवायच्या आणि प्रत्येकानं आपापल्या हातानं घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात पुरुषमंडळींनी चिमूटभर घेतल्या. मग कबाबाबरोबर त्या लागतात चांगल्या, हे त्यांचं त्यांनाच समजलं. आता अम्मींच्या ताटात दोन घास बिर्याणी असते, गोश्ताचा तुकडा असतो आणि बाकी अर्धं ताट भाजलेलं गाजर-दुधी. आमच्या ताटांतही जवळजवळ तेच. कुणाचं ताट पथ्याचं, हे पाहुण्याला सांगितल्याशिवाय ओळखता येत नाही.

या भाजीनं अम्मींची साखर उतरली असा दावा आम्ही करणार नाही. गोळ्या चालू आहेत, तपासणी चालू आहे, रोजे ठेवायचे की नाही हे दरवर्षी डॉक्टरांना विचारूनच ठरतं. ईदच्या सकाळी शीरखुर्मा होतोच. अम्मी लहान वाटीत दोन चमचे घेतात आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.

फरक एवढाच झाला की त्या आता जेवणावरून लवकर उठत नाहीत. उलट गाजर पिळताना शेजारच्या बायका येऊन बसतात. त्यांच्यातल्या दोघी-तिघींना साखर आहे. एकीनं विचारलं, हे यंत्र कितीला मिळतं? अम्मींनी किंमत सांगितली नाही. म्हणाल्या, "आधी घरात विचार, सगळे खाणार का? एकटीसाठी करणार असशील तर घेऊ नकोस."