साडेसोळा मिलिमीटरचा घाट

घरात रेल्वेचा लेआउट उभारणाऱ्याला प्लायवूड कापण्याआधीच ठरवावं लागतं, की खोटं नेमकं कुठे बोलायचं. सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. याला ८७ ने गुणलं की युरोप-अमेरिकेतला १४३५ मिलिमीटरचा गेज येतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतील. म्हणजे एक तर रूळ स्वतः हाताने बनवायचे, नाहीतर पावणेतीन मिलिमीटरकडे काणाडोळा करायचा. बहुतेक हौशी मंडळी काणाडोळा करतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते शहाणपणा करतात.

ब्रिटनने तर हा काणाडोळा देशभर केला. तिथली खरी इंजिनं अंगाने लहान, त्यामुळे १:८७ च्या सांगाड्यात त्या काळच्या मोटारी मावेनात. मग सांगाडा १:७६ चा केला आणि रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. हॉर्नबी डब्लो ही खेळण्यातली रेल्वे १९३८ साली याच मापात आली आणि ब्रिटिश घरांमधल्या गाड्या आजही बहुतांशी त्याच अरुंद रुळांवर धावतात.

अचूकतेचा हट्टच असेल, तर बार्शी लाइट करावी. १८९७ साली सुरू झालेल्या या गाडीचा मूळ गेज ७६२ मिलिमीटर होता. भागिले ८७ केलं की पावणेनऊ. दुकानात मिळणारे एन मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे. इतकं जमून येणं विरळाच.

पण मराठी माणसाचं मन हटकून बोरघाटातच अडकतं, आणि तिथे हिशेब घाम फोडतो. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. १:८७ मध्ये तीनशेवीस मीटर. चढ साधारण साडेपाचशे मीटरचा, म्हणजे लेआउटची उंची सहा मीटरच्या वर. लोणावळा स्टेशनासाठी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची परवानगी काढावी लागेल. ब्रॉडगेजवर तीव्रात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. ती प्रमाणात आणली तरी दोन मीटर, आणि गाडी नुसती वळवून परत आणायला चार मीटर रुंदीची खोली. सेटमधल्या रुळांची त्रिज्या जेमतेम पंचेचाळीस सेंटीमीटर असते. इतक्या वळणावर लांब डबे बाहेर लोंबतात आणि फार वाईट दिसतात.

गंमत अशी, की यावरचा तोडगा घाटातच आहे: बोगदे. सगळ्यात लबाड वळण बोगद्याच्या आत टाकायचं. गाडी एका तोंडातून आत जाते, क्षणभराने दुसऱ्यातून बाहेर येते, आणि मधले चार किलोमीटर बघणाऱ्याचं डोकं स्वतःच भरून काढतं. फक्त डोंगराला मागून हात जाईल एवढं भगदाड ठेवावं. गाडी रुळावरून घसरते ती नेमकी बोगद्यातच.

दुसरी सोय इतिहासाने करून ठेवली आहे. १८६३ पासून १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट्या दिशेने पुढची चढण सुरू व्हायची. लहान खोलीला याहून चांगली योजना सुचणार नाही. वळणाचा फेरा वाचतो आणि दोन फळ्या एकीवर एक बसतात. वाफेच्या सुरुवातीच्या काळातले आखूड चारचाकी डबे घेतले तर अंगही बाहेर लोंबत नाही. शिवाय माणसाला काम मिळतं: इंजिन सोडवायचं, सांधा बदलायचा, पलीकडून आणून जोडायचं. नुसती गोल फिरणारी गाडी तासाभरात कंटाळा आणते.

डोंगराचं तंत्र मराठी घराला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या किल्ल्यात चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरतात, तसंच इथे जाळीवर प्लास्टरची पट्टी. खडीला मात्र दिवाळीची घाई चालत नाही. बारीक खडी गाळणीने गाळून स्लीपरांमध्ये चमच्याने सोडायची आणि मऊ ब्रशने सारखी करायची. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी फवारायचं. ते न फवारता फेव्हिकॉलचं पातळ पाणी ड्रॉपरने सोडलं, तर ते थेंबांवर थेंब होऊन खडीवर बसतं, आत मुरतच नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ हात आखडता ठेवावा, कारण तिथे वाळलेला एक थेंबही सांधा कायमचा धरून ठेवतो. हे सगळं करण्याआधी प्लायवूडच्या दोन्ही अंगांना रंग मारलेला बरा. पावसाळ्यात कोरं प्लायवूड फुगतं आणि रूळ त्याच्यामागे जातात.

उरतो चढ. बोरघाटाचा चढ ३७ ला १. दुसऱ्या लाइनवरून पलीकडे जायला आठ सेंटीमीटर उंची लागते, म्हणजे या चढाने तीन मीटर धाव. खऱ्या गाडीला कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात. घरातही लावता येतात, पण साध्या डीसीवर रुळांतलं व्होल्टेज दोन्ही इंजिनांना सारखंच मिळतं आणि ती मात्र आपापल्या वेगाने पळतात. डीसीसी प्रणालीत प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे वेग जुळवता येतात. ते नीट जुळले नाहीत, तर मागच्या रेट्याने मधले हलके डबे वळणावर उचलले जाऊन आडवे होतात. म्हणून डब्याच्या पोटात वजन घालतात. अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सव्वीस सेंटीमीटरचा डबा सुमारे पावणेदोनशे ग्रॅमचा असावा. असे सहा डबे जोडले की किलोभर वजन चढावर येतं, पुढचं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवू लागतं, आणि शोभेसाठी आणलेल्या बँकरला खरोखरच जोर लावावा लागतो.