परळ येथील पंधरा आठवडे

औषधोपचारासाठी परदेशी जाणे म्हटले म्हणजे आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे लंडन, व्हिएन्ना किंवा न्यूयॉर्क अशी नगरे उभी राहतात. आमचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने झाला. गेली अठरा वर्षे आमचे बिऱ्हाड अमेरिकेत न्यू जर्सी प्रांती एडिसन या गावी आहे. आम्ही उभयता व चिरंजीव असे तिघेही कागदोपत्री अमेरिकेचे नागरिक. आणि ज्या परदेशी आम्हांस उपचारासाठी जावे लागले तो परदेश म्हणजे मुंबईतील परळ. असा प्रसंग कोणावर येऊ नये. पण आलाच, तर आमच्या अनुभवाचा थोडाबहुत उपयोग व्हावा, या हेतूने ही हकीकत लिहीत आहो.

सन २०२३ च्या नोव्हेंबरात सौ.च्या गळ्याला डाव्या बाजूस सुपारीएवढी गाठ हाताला लागली. सुईने पेशी काढून तपासल्या, तेव्हा थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात आमची नोकरी सुटली होती, आणि त्या देशी बहुतेकांचा विमा नोकरीच्या दावणीला बांधलेला असल्यामुळे नोकरीबरोबर तोही सुटला होता. स्वखर्चाने तो चालू ठेवावा तर हप्ता आवाक्याबाहेरचा, आणि दुसरा घ्यावा तर विमा कंपनीने हात देण्यापूर्वी पदरची मोठी रक्कम मोजावयाची. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज हाती आला त्या रात्री आम्ही दोघे स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून होतो.

त्या दिवसांत एका गोष्टीने धीर दिला. थायरॉइडचा जो पॅपिलरी नावाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, तो बहुधा मंदगती असतो. जपानात कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून अगदी लहान गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवण्याचा प्रघात पडला, आणि पुढे तो अन्यत्रही मान्य झाला. सौ.ची गाठ तितकी लहान नव्हती, आणि गळ्यातील एका लसिकाग्रंथीतही रोग शिरला होता; म्हणून नुसते थांबण्याचा मार्ग आम्हांस खुला नव्हता. तथापि प्रवासापुरती सवड आहे, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. प्रत्येक कर्करोग अशी सवड देत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मग आम्ही निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांकडे पत्रे धाडली. तुर्कस्तान, थायलंड, कोरिया येथून सुबक दरपत्रके आली. शस्त्रक्रिया अमुक, खोली अमुक, विमानतळावरून मोटार अमुक. ती वाचता वाचता सौ.ने एक प्रश्न विचारला : “शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन देणार, तेव्हा मला माणसांपासून दूर राहावे लागेल. त्या वेळी बाळ कोणापाशी राहील?” या प्रश्नाचे उत्तर एकाही दरपत्रकात नव्हते. दोन दिवसांनी थोरल्या बंधूंचा दूरध्वनी आला. दादा इतकेच म्हणाले, “दरपत्रके कसली मागवतोस? घर इथे आहे.” १० जानेवारी २०२४ रोजी आम्ही मुंबईस उतरलो.

दादांचे घर दादरच्या हिंदू कॉलनीत. तेथून परळ हाकेच्या अंतरावर. परंतु आमच्या बालपणी परळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे, एवढीच आमची ओळख. १९८२ च्या संपानंतर ते भोंगे हळूहळू मुके झाले आणि चिमण्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले. त्या सर्व उलथापालथीत परळचा एक कोपरा मात्र बदलला नाही. आणि तो कोपरा रोग्यांचा. गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या वाड्यात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. जवळच १९२६ सालचे के. ई. एम. रुग्णालय, बायकामुलांसाठी वाडियांची रुग्णालये, आणि समोर टाटा स्मारक रुग्णालय. शंभर-सव्वाशे वर्षे या एका टापूत मुंबई आपली दुखणी आणून ठेवीत आली आहे.

टाटा रुग्णालयाची जन्मकथा आम्हांस ऐकून ठाऊक होती. पण तिचा अर्थ तेथील बाकावर बसल्यावर कळला. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांस रक्ताचा कर्करोग झाला. पैशाला तोटा नव्हता, म्हणून यजमानांनी त्यांस उपचारार्थ युरोपात नेले. परंतु १९३१ साली वेल्स प्रांती त्यांचे देहावसान झाले. पुढल्याच वर्षी दोराबजीही जर्मनीत वारले. जे उपचार शोधावयास आपल्याला सातासमुद्रांपलीकडे जावे लागले ते या देशात मिळावेत, ही त्यांची इच्छा त्यांच्या न्यासाने पुरी केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले. त्या खात्याचे धुरीण डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. दुसऱ्या वर्षी याच परिसरात किरणोत्सारी द्रव्यांनी उपचार करणारे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. कोणाला परदेशी जावे लागू नये म्हणून जे रुग्णालय बांधले, त्याच्या दारात आज परदेशाहून माणसे येतात! आमच्या शेजारी काठमांडूचे एक शाळामास्तर बसत. पलीकडे वैद्यकीय व्हिसा काढून केनियाहून आलेले एक वृद्ध गृहस्थ. आणि बाहेर पदपथावर, निळ्या ताडपत्रीखाली, बिहार-बंगालची आणि आपल्याच विदर्भ-मराठवाड्याची बिऱ्हाडे. त्यांच्यासाठी परळ आमच्याइतकेच परके होते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी किती जणांच्या डोक्यावर छप्पर धरले आहे, हे ज्याला मुंबईत दादा नाही त्यालाच विचारावे.

जानेवारीच्या अखेरीस त्याच परिसरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. थायरॉइडची शस्त्रक्रिया एके काळी जिवावरची मानीत. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील थिओडोर कोखर यांनी आपल्या सावध हाताने तीतील मृत्यू शेकडा एकाच्याही खाली आणले, आणि १९०९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आज भय जिवाचे क्वचितच. आवाजाच्या मज्जातंतूचे व कॅल्शियम राखणाऱ्या चार इवल्याशा ग्रंथींचे अधिक. सौ.च्या बोटांना दुसऱ्या दिवशी मुंग्या येऊ लागल्या. कॅल्शियम देताच त्या थांबल्या. शुद्धीवर येताच तिने बाळाचे नाव घेतले. आवाज घोगरा होता, पण होता. आम्ही कॉरिडॉरमध्ये जाऊन डोळे पुसले.

खरी कसोटी पुढेच होती. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिल्यास ते गळ्यात वा अन्यत्र लपलेल्या अशा पेशींपर्यंत आपोआप पोहोचते. थायरॉइडच्या कर्करोगावर हा उपाय प्रथम केला तो न्यूयॉर्कच्या सॅम्युएल सीडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आमच्या एडिसनहून तासाभराच्या वाटेवर! हे द्रव्य आज आपल्याकडे तुर्भे येथील अणुभट्टीत तयार होते. दर आठ दिवसांनी त्याचे तेज निम्मे होते, म्हणून ते साठवून ठेवण्याची सोय नाही. जेथे बनते त्याच्या जवळ असणे हाच मोठा लाभ.

मात्र पेशींना आयोडीनची भूक लागावी म्हणून आधी त्यांना उपाशी ठेवावे लागते. थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद. तसे न करता टोचण्याचे एक औषध मिळते, पण ते महाग. स्वस्ताची किंमत अशी रोग्याच्या अंगातून वसूल होते. सौ.ला मार्चच्या उकाड्यात थंडी वाजे, जिने चढवेनात, बोलता बोलता शब्द सापडेनासा होई. शिवाय दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, दूध, दही वर्ज्य. १९६२ पासून गलगंड हटविण्यासाठी ज्या देशाने घरोघर आयोडीनयुक्त मीठ पोचविले, त्या देशात बिनआयोडीनचे मीठ शोधीत आम्ही दादर ते परळ फिरलो. शेवटी रुग्णालयाने सांगितलेल्या दुकानी ते मिळाले. वहिनींनी त्या मिठाची बरणी वेगळी ठेवली, आणि दोन आठवडे सगळ्या घराचा स्वयंपाक त्याच मिठात केला. “एकीला अळणी आणि बाकीच्यांना चमचमीत, असे माझ्या स्वयंपाकघरात व्हायचे नाही,” असे त्या म्हणाल्या. बिनदुधाचा चहा मात्र कोणालाच साधला नाही.

मार्चच्या अखेरीस सौ.ला आयोडीन दिले. जाड भिंतींची खोली, दाराबाहेर ठेवलेले जेवण, भरपूर पाणी, लाळेच्या ग्रंथींसाठी लिंबाच्या गोळ्या, आणि रोज दुरून मापन करणारे यंत्र. तेज ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावर घरी सोडले. पण मुले व गरोदर स्त्रिया यांपासून आणखी दोन आठवडे दूर राहण्याची ताकीद देऊन.

येथेच खरा पेच पडला. दादांची सून सहा महिन्यांची गरोदर, पहिलीच खेप. घरात कोणी चकार शब्द काढला नाही. परंतु न बोललेले बोलही एकत्र घरात ऐकू येतात. आम्ही धर्मशाळेत अथवा हॉटेलात खोली पाहू लागलो. ते कळताच सूनबाई स्वतःच म्हणाली, “काकू घरी येऊ दे. मी पुण्याला आईकडे जाते. नाहीतरी जायचेच होते.” ठरलेले डोहाळजेवण तिने विनातक्रार पुढे ढकलले. या ऋणाची नोंद कोणत्या वहीत करावी, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

सौ.ला आईची खोली दिली. आमच्या मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी. वृद्धांना या किरणांचा धोका मुलांच्या मानाने पुष्कळच कमी, असे रुग्णालयातील तज्ज्ञांनी सांगताच ताट-पाणी पोचविण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. दाराशी ताट ठेवून त्या सांगितलेल्या अंतरावर खुर्ची टाकून बसत. एके दिवशी सौ. आतून म्हणाली, “आई, तुम्हाला उगाच त्रास.” त्यावर आई म्हणाल्या, “अगं, आम्ही दर महिन्याला चार दिवस बाजूला बसत होतो. तेव्हाचे कारण खोटे होते, म्हणून राग येई. आताचे कारण खरे आहे. मग रागवायचे कोणावर?” ज्या घराण्यात एके काळी शिवाशिवीपायी सुनांना कोपऱ्यात बसविले, तेथेच एक सासू आपल्या सुनेच्या दूर बसण्याला सोबत करीत होती. आठ वर्षांचा चिरंजीव माजघरात बसून मोठ्याने धडा वाची; आई आतून चुका सांगे.

९ एप्रिलला गुढीपाडवा आला. आयोडीनचे पथ्य तोवर संपले होते. मातोश्रींनी श्रीखंडाची वाटी दाराशी ठेवली. आतून बराच वेळ आवाज आला नाही; मग रिकामी वाटी बाहेर आली. त्यानंतर सात दिवसांनी चिरंजीव आईच्या कुशीत शिरला.

आता हिशेब. विमानाची तिकिटे, शस्त्रक्रिया, आयोडीन, तपासण्या, सर्व मिळून अमेरिकेतील अंदाजाच्या एका लहान हिश्शात भागले, हे खरे. पण त्यात पंधरा आठवड्यांचे भाडे नाही, वहिनींचे श्रम नाहीत, सूनबाईचे डोहाळजेवण नाही. ते सर्व पैशात मांडले तर परळ स्वस्त ठरले असते की नाही, देव जाणे. म्हणून जे कोणी दूरदेशी उपचार शोधीत असतील त्यांस आमचे सांगणे असे की, नुसत्या शस्त्रक्रियेचा दर पाहू नये. पुढील आयोडीन, त्याआधीची वाट पाहणे, एकांताची जागा आणि परतल्यावर दर काही महिन्यांनी रक्त तपासणारा डॉक्टर, या चारांचा विचार आधी करावा. पहिल्या तपासणीचे अहवालच नव्हे, तर पेशींच्या काचपट्ट्याही बरोबर न्याव्यात. तेथील तज्ज्ञ त्या पुन्हा पाहतात. आणि आयोडीनयुक्त द्रव्य टोचून सीटी चित्र काढण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. त्याने पुढील आयोडीनचा उपचार कित्येक आठवडे लांबू शकतो.

एप्रिलच्या २५ तारखेस आम्ही परत निघालो. विमानतळावरील यंत्रे महिना-दोन महिने असा रोगी ओळखतात, म्हणून रुग्णालयाचे पत्र हाती होते. ते दाखविण्याची वेळ आली नाही. सौ. रोज पहाटे अनशापोटी एक गोळी घेते, आणि ती आता जन्मभराची. सूनबाईला जुलैत मुलगी झाली. तिच्या बारशाला आम्ही जाऊ शकलो नाही; पण पहिल्या वाढदिवसाला तिघेही दादरला होतो. त्या वेळी आमच्या पारपत्रावर विमानतळावर पुन्हा परदेशी नागरिक म्हणून शिक्का बसला. दारात मातोश्री उभ्या होत्या.