बरागांचा क्रूस

प्रिय बाळ,

सुपीरिअर सरोवराच्या काठावरच्या दगडी क्रूसाचा तू पाठवलेला फोटो घरात सगळ्यांनी पाहिला. तो तिथे का आहे, असं विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रेडरिक बरागा मूळचे स्लोव्हेनियाचे, जन्म 1797 चा. व्हिएन्नात कायदा शिकले, मग धर्मगुरू झाले आणि 1830 च्या अखेरीस अमेरिकेत उतरले. ओटावा या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहून त्यांची भाषा शिकले आणि 1832 सालीच त्या भाषेत प्रार्थनापुस्तक छापून घेतलं. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचलं, त्याच तोलाचं मी हे काम मानतो.

1846 साली एका वाटाड्याला घेऊन ते छोट्या होडीतून सरोवर ओलांडत होते. वादळ उठलं, लाटांनी होडी एका नदीच्या मुखात आणून टाकली आणि दोघे वाचले. देवाचे उपकार मानून त्यांनी तिथेच लाकडी क्रूस रोवला. दगडाचा नंतर आला.

1853 साली ते सरोवराकाठच्या त्या प्रदेशाचे बिशप झाले. धर्मप्रांत अफाट, पण धर्मगुरू मूठभर आणि तिजोरी रिकामी. तांब्याच्या खाणींमुळे आयरिश, जर्मन, फ्रेंच लोक येऊन वसत होते. बरागा लगेच युरोपात गेले, दारोदार पैसे मागितले, धर्मगुरू मिळवले. बिशप म्हणून श्रद्धावंतांना लिहिलेलं पहिलं पत्र त्यांनी इंग्रजीबरोबर ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या भाषेतही काढलं. धर्मप्रांतात फिरायचं, तर हिवाळ्यात होड्या बंद. मग लाकडी चौकटीत कातडी वाद्या विणलेले रुंद जोडे पायांना बांधायचे, म्हणजे पाय बर्फात रुतत नाहीत, आणि चालत सुटायचं. साठी उलटल्यावरही त्यांचा हा क्रम चालू होता.

मला सर्वांत मोठी वाटते ती सरोवराकाठच्या लान्स या वस्तीतली, ते बिशप होण्याआधीची गोष्ट. सरकार मूळ रहिवाशांना पश्चिमेकडे हुसकावू पाहत होतं, तेव्हा बरागांनी तिथली जमीन विकत घेतली, त्यांना उठवता येऊ नये म्हणून. धर्मप्रांत असा माणसांच्या पायाखालच्या जमिनीपासून उभा राहतो, बाळा.

1866 साली बाल्टिमोरच्या बिशप परिषदेत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरी ते सरोवराकाठच्या मार्केट (Marquette) शहरात परतले आणि जानेवारी 1868 मध्ये तिथेच वारले. सेंट पीटर कॅथीड्रलमध्ये त्यांचं थडगं आहे, नक्की जाऊन ये. त्यांचा 1853 चा ओजिब्वे शब्दकोश आजही छापला जातो. मिळाला तर नाताळला येताना माझ्यासाठी एक प्रत आण.

तुझा,
मामा