तोंगेरनचा अँबिओरिक्स

बेल्जममधील लिएज शहराहून आगगाडीनें आम्ही तोंगेरन येथें उतरलों. मुख्य चौकांत शिरतांच अँबिओरिक्साचा पुतळा दृष्टीस पडला. तो १८६६ सालीं उभारण्यांत आला.

अँबिओरिक्स हा एब्युरोन नांवाच्या बेल्जिक टोळीच्या दोन राजांपैकीं एक. इ. स. पूर्वी ५४ सालीं त्यानें सुखरूप वाट देण्याचें अभिवचन देऊन रोमन सैन्याच्या १५ तुकड्या छावणीबाहेर काढल्या, व दरींत गांठून त्यांचा संहार केला. दुसऱ्याच वर्षीं सीझरनें त्याचा सूड घेतला. गांवें जाळलीं, धान्य फस्त केलें, शेजारच्या टोळ्यांस लुटीचें आमंत्रण दिलें. अँबिओरिक्स मात्र हातीं लागला नाहीं. पुढें त्या भूमीवर तुंग्री लोक नांदूं लागले; तोंगेरन हें नांव त्यांचेंच. दुसऱ्या शतकांतील रोमन तटाचे अवशेष येथें अद्यापि उभे आहेत.

सीझर या कृत्यास कपट म्हणतो; १८३० सालीं स्वतंत्र झालेल्या बेल्जमनें त्यांत स्वातंत्र्यप्रेम पाहिलें. परतीच्या गाडींत आमच्या मंडळींतहि यावर बराच वाद झाला. निर्णय कांहीं लागला नाहीं; परंतु एक गोष्ट सर्वांस पटली. ही हकीकत आपणांस मुख्यतः सीझरच्याच ग्रंथांतून कळते. एब्युरोनांची एक ओळहि आपल्यापर्यंत पोंचलेली नाहीं. साक्ष एकाच पक्षाची असतां निवाडा जपूनच करावा.