माळावरचा गोता

सॅलिसबरीच्या माळावर जाणारा प्रत्येक प्रवासी दगड पाहायला जातो. लंडनहून आगगाडीने दीड तासात सॅलिसबरी येते. तिथल्या कॅथीड्रलचा ४०४ फुटी मनोरा डोळे भरून पाहावा, आणि मग बसने उत्तरेचा रस्ता धरावा. गाव संपले की जमीन उघडी होते. आपल्या देशावरच्या माळासारखीच ही जमीन लांबच लांब पसरलेली; फरक एवढाच की इथे काळ्या कातळाऐवजी पोटात पांढरा खडू आहे आणि वर बाराही महिने हिरवे गवत. त्या गवतात साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी उभे केलेले ते प्रचंड पाषाण. स्टोनहेंज म्हणतात ते हेच. त्यांच्यापुढे उभे राहून माणूस गप्प होतो, फोटो काढतो आणि परत फिरतो.

या दगडांच्या वाटेवर आणखी एक दगड आहे. त्याच्यापाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. पाषाणांपासून दीड मैलावर जिथे तिकिटे मिळतात, त्या नव्या इमारतीजवळच एक दगडी क्रूस आहे. कॅप्टन लोरेन आणि स्टाफ सार्जंट विल्सन या दोन वैमानिकांचे ते स्मारक. ५ जुलै १९१२ रोजी याच माळावर त्यांचे विमान एका तीव्र वळणात कोसळले. ब्रिटनचे रॉयल फ्लाइंग कोअर त्याच वर्षीच्या एप्रिलात जन्मले होते, आणि कामावर असताना विमानासह पडलेले त्याचे हे पहिले दोन सैनिक. हातात कॉफीचे पेले घेतलेली माणसे त्या क्रूसाला वळसा घालून पाषाणांकडच्या बसमध्ये चढत होती.

मी तिथे थांबले याला कारण होते. माझी भाची ब्रिस्टलला नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी विमान चालवायला शिकते. मोठ्या कंपनीचे विमान नव्हे. हौशी माणसाला स्वतःपुरते उडता यावे असा खासगी परवाना तिला हवा आहे. साताऱ्याला असलेल्या तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हे कळल्यापासून झोप नाही. गेल्या मे महिन्यात मी तिकडे निघाले तेव्हा तिने फोनवर बजावले होते, "ताई, तू डोळ्यांनी बघून ये आणि मला खरं काय ते सांग. गोड गोड सांगू नकोस." मराठीच्या अध्यापिकेने विमानविद्येवर अभिप्राय द्यावा, ही बहिणीच्या मायेचीच करामत. पण निरोप घेतला होता. तो पुरा करणे भाग होते.

आम्ही गेलो त्या आठवड्यात भाचीचा धडा होता 'स्टॉल' आणि 'स्पिन' यांचा. स्टॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतली भज्यांची गाडी येते. वैमानिकाच्या भाषेत त्याचा अर्थ फार निराळा आहे. इंजिन बंद पडणे असाही तो अर्थ नव्हे. विमानाला उचलून धरते ते पंखांवरून सुरळीत वाहणारे वारे. पंख समोरच्या वाऱ्याशी थोडा कोन करून असतो. हा कोन वाढवत नेला, म्हणजे नाक अधिकाधिक वर ओढले, की साधारण पंधरा अंशांपुढे वारा पंखाच्या पाठीला चिकटून राहत नाही, सुटतो, फाटतो. पंख उचलणे सोडून देतो. इंजिन त्या वेळी ठणठणीत चालूच असते.

आणि दोन पंखांपैकी एकाने दुसऱ्याहून अधिक साथ सोडली, तर विमान त्या बाजूला लोळते आणि नाक खाली करून भिंगरीसारखे गरगरत पडू लागते. हा स्पिन. मला त्याला 'गोता' म्हणावेसे वाटते. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला; मूळ अर्थ बुडी. पतंग खाली तोंड करून सुटला की पोरे 'गोता खाल्ला' म्हणतात, आणि अडचणीत सापडलेल्या माणसाविषयी आपण 'गोत्यात आला' म्हणतो. पतंग उडवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की तोंड खाली असताना मांजा ओढला तर पतंग जमिनीवरच आपटतो. तेव्हा ढील द्यावी लागते. विमानाचेही मर्म तेच आहे. नाक खाली जात असले की माणसाचा हात आपोआप दांडा पोटाशी ओढतो. जमीन समोर दिसत असताना दुसरे काही सुचतच नाही. पण ओढल्याने कोन आणखी वाढतो आणि पंख मेलेलाच राहतो. जगायचे तर दांडा पुढे, जमिनीच्या दिशेने, ढकलायचा!

हे ज्ञान माणसाला कसे मिळाले त्याची कथा याच माळावर घडली. स्टोनहेंजच्या उत्तरेला, पायी जाण्याच्या अंतरावर, लार्कहिल आहे. १९१२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे लोरेन आणि विल्सन गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात, तिथे लष्करी विमानांची स्पर्धा भरली होती. २५ ऑगस्टच्या सकाळी नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क तीन तासांची परीक्षा पुरी करून उतरत होता. विमान अॅव्ह्रो कंपनीचे, चारी बाजूंनी बंद खोलीचे. सोबत लेफ्टनंट ल ब्रेटन. वळत उतरताना नाक जास्त खाली गेले असे वाटून पार्कने ते वर घेतले, आणि विमान गरगरू लागले. उंची होती सहा-सातशे फूट. कॅथीड्रलचा मनोरा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या दुप्पटही नाही.

पार्कने दांडा पोटाशी ओढला. इंजिनाचा जोर वाढवला. सुकाणू गिरकीच्याच दिशेने दाबले, कारण वळण तीव्र झाले तर त्या वेळी तसेच करायची पद्धत होती. काहीच उपयोग झाला नाही. जमीन पन्नासेक फुटांवर आली तेव्हा त्याने सुकाणू उलट बाजूला, गिरकीच्या विरुद्ध, पुरते दाबले. विमान तत्काळ सरळ झाले, सावरले आणि उतरले. खाली माणसे श्वास रोखून पाहत होती. त्या घटनेला इंग्रजीत आजही 'पार्कची बुडी' म्हणतात. गोत्यात सापडून जिवंत परतल्याची, आणि कशाने परतलो हे सांगितल्याची, पहिली नीट नोंदलेली हकिगत ती.

तरी 'का' याचे उत्तर मिळायला पाच वर्षे गेली. फार्नबरोच्या शाही विमान कारखान्यात फ्रेडरिक लिंडेमन नावाचा पदार्थवैज्ञानिक होता. पुढे चर्चिलचा सल्लागार म्हणून प्रसिद्धी पावलेला. त्याचा एक डोळा अधू होता. तरी तो विमान चालवायला शिकला आणि १९१७ मध्ये मुद्दाम गोत्यात शिरून, गरगरत असतानाच यंत्रांवरचे आकडे पाहून ध्यानात ठेवून आला. गोत्यात विमानाचा वेग वाढत जात नाही, तो कमीच राहतो. म्हणजे पंख स्टॉलमध्येच असतात, हे त्यातून उघड झाले. त्याच वर्षी गॉस्पोर्टला स्मिथ-बॅरी या मेजरने शिकवण्याची रीतच पालटली. धोक्याच्या हालचाली टाळा असे न सांगता त्या शिष्याला मुद्दाम करायला लावायच्या, आणि नळीतून बोलत त्यातून बाहेर कसे पडायचे ते दाखवायचे, ही त्याची पद्धत.

भाचीचे मैदान छोटे, गवताचे. एक लाकडी खोली, चहाची किटली, आणि भिंतीवर हवामानाचा तक्ता. तिचे गुरुजी पिकल्या केसांचे. हातात खेळण्यातले विमान धरून शिकवीत होते, नि मला शेजारच्या खुर्चीवर बसू दिले होते. त्यांनी क्रम सांगितला: इंजिनाचा जोर काढ, पंखांच्या पट्ट्या मधोमध ठेव, गिरकीच्या विरुद्ध सुकाणू पुरते दाब, दांडा पुढे, गिरकी थांबली की सुकाणू सरळ कर आणि हलकेच वर ये. भाची विद्यार्थ्याने पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवीत होती.

मग आम्ही विमानापाशी गेलो. सेसना १५२, दोनच माणसांचे. डाव्या पंखाच्या कडेला एक चिमुकले भोक होते. भाचीने त्यावर रुमाल धरला, तोंड लावले आणि श्वास आत ओढला. पीं असा केविलवाणा सूर निघाला. "मावशी, आत पेटीसारखी सुराची पट्टी आहे," ती म्हणाली. "स्टॉल जवळ आला की वाराच ती वाजवतो. वीज नको, काही नको." संकटाची सूचना देणारे यंत्र आपल्या भजनातल्या पेटीचे भावंड निघावे, याची मला मोठी गंमत वाटली.

"पण एवढं सगळं येतंय तर मग भीती कशाची?" मी विचारले. उत्तर गुरुजींनी दिले, आणि माझ्या मते त्या धड्याचा जीव त्यातच होता. अशा लहान विमानाच्या गोत्यातल्या एका गिरकीला सुमारे तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात पाचशे फूट उंची जाते. सरावासाठी ते साडेतीन-चार हजार फुटांवर जातात. तिथे चूक करायला जागा असते. पण माणसे मरतात ती तिथे नाही. ती मरतात उतरताना, धावपट्टीकडे घेतलेल्या शेवटच्या वळणात. तिथे उंची असते जेमतेम पाचशे फूट. वळण चुकून धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. मग वैमानिक विमान अधिक कलवतो, नाक लवकर फिरावे म्हणून आतल्या बाजूचे सुकाणू दाबतो आणि दांडा ओढतो. कलले की पंखावरचा भार वाढतो. साठ अंशांच्या वळणात तो दुप्पट होतो, आणि ज्या वेगाला स्टॉल यायचा तो वेग सुमारे एक्केचाळीस टक्क्यांनी वर सरकतो. आतला पंख आधी साथ सोडतो. तिथे सुटकेचा मंत्र बिनचूक पाठ असूनही म्हणायला वेळ नसतो.

म्हणूनच अमेरिकेने १९४९ मध्ये खासगी वैमानिकाच्या परीक्षेतून गोता काढून टाकला आणि स्टॉल ओळखण्यावर भर दिला. गोता शिकणे सक्तीचे राहिले ते शिक्षकांना. ब्रिटनमध्येही आता खासगी परवान्याला पुरा गोता सक्तीचा नाही. सुटका कशी करावी हे शिकवण्यापेक्षा गोत्याच्या तोंडाशी आपण आलो आहोत हे ओळखायला शिकवायचे, असा हा बदल. कोणी म्हणतात, एकदा तरी गोता अनुभवल्याशिवाय त्याचे भय आणि भान येत नाही. भाचीचे गुरुजी त्याच मताचे, म्हणून ते इच्छुकाला वर नेऊन दाखवतात. वाद जुना आहे. पण पार्कचे पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे त्याची दुसरी बाजू दिसते.

ज्याने गोत्यातून सुटण्याचा मार्ग जगाला दाखवला, तो पार्क त्यानंतर चार महिनेही जगला नाही. १५ डिसेंबर १९१२ रोजी तो हँडली पेजचे एकपंखी विमान घेऊन हेंडनहून ऑक्सफर्डला निघाला. इंजिन नीट जोर धरीत नव्हते. विमान फार खाली आणि फार हळू उडत होते. वेंब्लीजवळ ते कोसळले. पार्क आणि त्याचा सोबती दोघेही गेले. सुटण्याची विद्या त्याच्याइतकी त्या काळी कोणाला नव्हती. उंची नव्हती.

त्या दिवशी मी बाकावर चहा घेऊन बसले आणि भाची गुरुजींबरोबर वर गेली. तासाभराने ते चिमुकले विमान परत आले, शेवटच्या वळणाला लागले, आणि धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेलेले मलाही दिसले. माझ्या हातातला पेला थबकला. पण पंख अधिक कलला नाही. इंजिनाचा आवाज मोठा झाला, विमान सरळ झाले, माझ्या डोक्यावरून वर चढले आणि सगळी फेरी नव्याने मारून मग शांतपणे उतरले. खाली आल्यावर भाची थोडी ओशाळली होती. "रेषा चुकली," ती म्हणाली. गुरुजी मात्र त्या तासातल्या दुसऱ्या कशापेक्षा या वाया गेलेल्या फेरीवर खूष होते. वर त्यांनी तिला चार वेळा स्टॉल करायला लावले होते. त्या सगळ्याचे फळ ही एक फेरी, असे त्यांचे म्हणणे.

रात्री साताऱ्याला फोन लावला. विमान पडत नाही असे मी बहिणीला सांगितले नाही. ते खरे नव्हते आणि तिने गोड सांगू नकोस असे बजावलेच होते. मी तिला ती फेरी सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "चुकलं असं वाटल्यावर हट्टानं तसंच रेटणारी ती. लहानपणी रांगोळी पुसून पुन्हा काढायला कधी तयार नसायची." आणि थोडे थांबून, "आता पुसायला शिकली म्हणायची."

परवाना मिळायला भाचीला अजून बरेच तास उडायचे आहे. बहीण अजून रविवारी फोन जवळ घेऊनच बसते. मात्र हल्ली ती पहिला प्रश्न 'उतरलीस का?' असा विचारत नाही. 'आज फेरी किती वेळा मारलीस?' असे विचारते.